गुहागर, तीन दिवस आणि दोन दुखरे गुडघे: किनाऱ्यावर नक्की कधी जायचं?

केतकी_प
मंडळी, पौष शुद्ध दशमी ते द्वादशी असे तीन दिवस गुहागरला घरगुती निवासात राहायचं ठरतंय. आम्ही सहाजण. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे, काठी घेऊन चालतात. मुलं सात आणि दहा वर्षांची. ‘काय काय बघाल’ची यादी नकोय, ती कुठेही मिळते. मला किनाऱ्याबद्दलच विचारायचंय. सकाळी जायचं की संध्याकाळी? सासूबाईंना पाण्याजवळ खुर्ची टाकून बसता येईल का? मुलांना पाण्यात कुठवर सोडायचं? आणि गाडी किनाऱ्याच्या किती जवळ नेता येते?

टवाळ_खेकडा
तारीख सोडून तिथी देणारा धागा बऱ्याच दिवसांनी आला. सोवळं नेसून प्रतिसाद द्यायचा का?

केतकी_प
सासऱ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पुढ्यात घेऊन ठरवलंय. त्यांना तारीख विचारली की तिथीच सांगतात.

असगोलीकर
खेकडेबुवा, हसू नका. समुद्राला तारीख कळत नाही, तिथी कळते. सासरेबुवांनी अर्धं काम करूनच दिलंय.

किनारपट्टीवरचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर पुढे सरकते. पंधरा तिथ्यांत बारा तास सरकून चक्र पुन्हा जागेवर येतं. भरतीत सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की सुकती, म्हणजे तुमची ओहोटी.

आता तुमचे दिवस. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नवाला, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. सुकती दुपारी दीड ते तीन. म्हणजे पुळण, तो वाळूचा पट्टा, सगळ्यात रुंद होणार भर उन्हात. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला, तेव्हा पाणी वर चढत असणार. सासूबाईंची खुर्ची टाकायला ही वेळ सोयीची नाही.

जुनी_छत्री
वाचनखूण साठवली. इतकी वर्षं ‘किनाऱ्यावर पाणी खूप होतं’ आणि ‘पाणी फार लांब होतं’ हे नशिबाचे भाग वाटायचे.

नाखवा
असगोलीकर, गणित बरोबर, पण दोन गोष्टी राहिल्या.

एक म्हणजे हे सूत्र ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास सहज चुकतं. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरी बाजूला ती मुंबईच्या आधी लागते. मोबाईलवर कोष्टक बघणार असाल तर रत्नागिरीचं किंवा दाभोळचं बघा. मुंबईचं बघून गुहागरला गेलात तर पाणी तुमच्या आधी पोचलेलं असेल.

दुसरं, वेळेइतकाच चढ-उतारही बघायचा असतो. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमी-नवमीला भांग. प्रत्यक्षात दोन्ही एक-दोन दिवस मागून येतात. म्हणजे दशमीला भांगाचंच पाणी. ते फार वर चढत नाही आणि फार खालीही जात नाही. तेव्हा संध्याकाळी भरती असली म्हणून पुळण बुडालेली असेल असं नाही, बसायला जागा मिळेल. फक्त ती लांबच लांब, आरशासारखी ओली पट्टी दिसायची नाही.

केतकी_प
मग ती पट्टी कधी दिसते? सासूबाईंना कोरड्या वाळूत चालणं जमत नाही, पाऊल रुतलं की गुडघा मुरगळतो. ओली घट्ट वाळूच हवी आहे.

नाखवा
पुनव किंवा अमावास्येच्या आसपास. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचला. वर उधाण, म्हणून पाणी जास्तीत जास्त आत जातं. चार वाजता उतरलात तर पाणी अजून मागे हटत असतं आणि मावळतीपर्यंत घट्ट वाळू पायाखाली राहते. जमत असेल तर चार दिवस पुढे ढकला.

टवाळ_खेकडा
एकादशीला सासूबाईंचा उपास, त्यात पौषातली पुत्रदा. सुरमईच्या पानासमोर वऱ्याचे तांदूळ. ढकलाच.

मर्यादवेल
तारीख बदलो न बदलो, किनारा वाचता आला की निम्मी कामं होतात.

वाडी संपून वाळू सुरू होते तिथे आपट्यासारख्या दुहेरी पानाची, जांभळ्या फुलांची वेल पसरलेली दिसेल. ती मर्यादवेल. समुद्राची मर्यादा ती दाखवते, वर्षभर टिकून आहे म्हणजे एरवी पाणी तिथवर येत नाही. चटई, चपला, पिशव्या तिच्याजवळ ठेवा, तिच्यावर नको. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते.

तिच्याखाली काटक्या, सुरूची बोंडं, शिंपल्यांचा चुरा यांची नागमोडी ओळ असते, ती शेवटच्या भरतीची रेघ. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दुपारचं उधाण मोठं, हिवाळ्यात मध्यरात्रीचं. म्हणून पौषात पुनवेच्या सकाळी दिसणारी रेघ रात्रीच्या मोठ्या भरतीची असते आणि दिवसाचं पाणी सहसा तिच्या आतच राहतं. खुर्ची त्या रेघेवर टाकली तर उठवाउठव करावी लागत नाही.

आणखी खाली ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल, मधे एक बारीक भोक. छोटे खेकडे वाळू तोंडातून फिरवतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेली गोळी बाजूला ठेवतात. ही रांगोळी पाणी मागे गेल्यावरच मांडली जाते आणि पुढच्या भरतीत पुसली जाते. दाट, लांबवर पसरलेली असेल तर पाणी उतरून बराच वेळ झालाय. नुसती एक-दोन किरणं दिसली तर नुकतंच उतरलंय. मुलांना हे आधी दाखवा, अर्धा तास तिथेच जाईल.

जुनी_छत्री
‘एक-दोन किरणं’ हे अगदी बरोबर. भोकापासून चारी बाजूंना रेघा निघतात आणि रेघेच्या कडेने गोळ्या.

असगोलीकर
खुर्चीचं सांगतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय बारीक, ओल्या वाळूत माणूस बसलं की एक पाय आधी रुततो आणि खुर्ची कलते. दुखऱ्या गुडघ्यांना तोच झटका वाईट. चारही पायांखाली मिळून एक फळी टाका, दोन फूट बाय दोन फूट पुरते. फळी नसेल तर नारळाची चार सोडणं, म्हणजे वरची सालं, उपडी करून एकेका पायाखाली. घरगुती निवासात मागच्या वाडीत ढीग असतो, मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. हातांची खुर्ची घ्या, बिनहाताच्या खुर्चीतून उठताना काठीचा टेकू वाळूत घुसतो. काठीच्या टोकाला जुन्या टेनिस बॉलला भोक पाडून बसवलं की तीही कमी रुतते.

खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: वाडीतून किनाऱ्यावर उतरायची वाट कशी आहे? गुहागर मुळात एका लांब रस्त्याच्या कडेने वसलंय, वरचा पाट आणि खालचा पाट. पश्चिमेच्या बाजूला घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला समुद्र. ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ सगळेच सांगतात, पण त्या दोन मिनिटांत जांभ्याच्या सात उंच पायऱ्या असल्या तर काय उपयोग? पाखाडी, म्हणजे ती दगडी पायवाट, शेवाळलेली आहे का, हेही विचारा. पायऱ्या असतील तर गावातल्या सपाट वाटेने न्या. एसटी स्टँडपासूनही समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

भटक्या_चाक
गाडीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, मी लावतो. उत्तर: रस्ता संपतो तिथवर. वाळूवर चाक घालायचं नाही.

किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी असते आणि दंड होतो, हा भाग वेगळा. पण फसण्याची रीत समजून घ्या. ओली पट्टी घट्ट असते, गाडी झकास पळते. अडचण तिथे जाताना आणि परतताना मधली कोरडी वाळू ओलांडण्यात आहे. चाक फिरलं की खड्डा पडतो, आणखी रेटलं की गाडीचं पोट वाळूवर टेकतं. पुढे पाणी. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भाग धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणून पहिला तासभर ‘पाणी कुठे वाढतंय’ असं वाटतं आणि दोरखंड शोधून माणूस परत येईतो चाकं बुडतात. खाऱ्या पाण्यात बुडलेल्या गाडीची वायरिंग आणि ब्रेक पुढे कायम त्रास देतात.

एवढं सांगूनही कोणी रुतवलीच, तर: ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडा. सगळे उतरा. चाकांमागची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा. टायरची हवा निम्म्यावर आणा, बत्तीस असेल तर सोळा-अठरा. बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते, त्यांच्याखाली सुक्या झावळ्या किंवा गाडीतली रबरी पायपुसणी दाबून बसवा. मग रिव्हर्समध्ये, आल्या चाकोरीतून, चाक न घसरवता हळू. ढकलणारे गाडीच्या बाजूला आणि पुढे, मागे कोणी उभं राहायचं नाही. बाहेर आलात की हवा भरूनच वेग घ्या.

टवाळ_खेकडा
‘एवढं सांगूनही कोणी रुतवलीच’ हे वाक्य फलकावर लिहून सुरूच्या बनात लावावं.

मर्यादवेल
चाकांचं आणखी एक कारण. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासविणी याच वाळूत अंडी घालायला येतात. घरटं हात-दीड हात खोल, वरून ओळखूही येत नाही. चाक गेलं की वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. गुहागरच्याच किनाऱ्यावर २०२३ मध्ये दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा अशी त्यांची नावं. बागेश्री तर दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेच्याही पलीकडे गेली.

रात्री फिरायला गेलात तर मोबाईलचा दिवा बंद ठेवा. उजेड दिसला की कासवीण अंडी न घालता परत फिरते. अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पौषात पिल्लं दिसतीलच याची खात्री नाही, फेब्रुवारी-मार्च जास्त बरे. वन खात्याची माणसं अंडी कुंपणाच्या आत हलवतात. कुंपण दिसलं तर बाहेरूनच बघा.

नाखवा
मुलांचं सांगतो. गुहागरचा किनारा सरळसोट, पाच-सहा किलोमीटर लांब आणि दिसायला निरुपद्रवी. म्हणूनच माणूस गाफील राहतो.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा सगळीकडे फेसाळत फुटत असताना एखादा पट्टा शांत दिसतो, लाट फुटतच नाही, पाणी जरा गढूळ. नवखा माणूस मुलांना नेमकं तिथेच उतरवतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथून परत जात असतं, ती ओढ. फुटणाऱ्या लाटेत मूल पडेल आणि किनाऱ्याकडे ढकललं जाईल. ओढीत ते आत जाईल. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हात मारायचे नाहीत, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं. पट्टा अरुंद असतो. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. ओहोटी लागल्यावर ओढ वाढते. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ तर मुळीच नको.

सात वर्षांच्या मुलाला त्याच्या गुडघ्यापर्यंत पाणी, तुमच्या नव्हे. मोठा माणूस समुद्राच्या बाजूला उभा, तोंड मुलाकडे आणि कान लाटेकडे. हवेच्या ट्यूब घरी ठेवा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ट्यूब भराभर आत नेतो आणि पाणी सपाट असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारनंतर वारा फिरतो आणि किनाऱ्याकडे येतो. मुलांना पाण्यात खेळवायचंच तर त्या वेळी, आणि तेही जीवरक्षक असतील तिथेच.

डॉ_गवती_चहा
थोडी भर. उथळ पाण्यात पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, वाळूखाली पसरून बसलेलं असतं. पाऊल उचलून टाकू नका, घसटत चाला, ते आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल तितकं गरम पाणी, साधारण ४५ अंश, त्यात पाय अर्धा ते दीड तास. पाणी आधी धडधाकट माणसाने हात घालून तपासायचं. काटा खोल रुतला असेल तर उपसायचा नाही, दवाखाना गाठायचा.

निळ्या फुग्यासारखा, दोऱ्या लोंबणारा जीव वाळूवर पडलेला दिसला तर मेलेला असला तरी हात लावायचा नाही. तो पावसाळ्यात जास्त येतो. दंश झाल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोऱ्या चिमट्याने काढा, मग गरम पाण्याचा शेक. वाळूने चोळू नये.

जुनी_छत्री
व्हिनेगर लावतात ना?

डॉ_गवती_चहा
काही जातींच्या जेलीफिशला चालतं. या निळ्या फुग्याला लावू नका असाच सल्ला आहे. लघवी हा तिसरा उपाय कोणी सुचवण्याआधी सांगतो, तोही नको.

टवाळ_खेकडा
टंकतच होतो. खोडलं.

मीठभाकर
पोटाचं कोणी बोलेना. गुहागरला बऱ्याच घरांत शाकाहारीच मिळतं. मासे हवे असतील तर खोली घेतानाच विचारा, नाहीतर खानावळ वेगळी शोधा. दुपारचं पान हवं तर आदल्या रात्री किंवा सकाळी नवाच्या आत माणसं सांगा. तिथे जेवण तयार करून गिऱ्हाइकाची वाट बघत नाहीत, सांगितलं तेवढंच रांधतात. दीड वाजता दारात उभं राहून ‘सहा पानं मिळतील का’ विचारलंत तर पिठलं-भात मिळेल, तोही उपकार म्हणून. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगायचे, नगावर. वालाचं बिरडं तर दोन दिवस आधी, वाल भिजून मोड येऊन सोलायचे असतात.

औषधं, मुलांचा खाऊ, रोकड हे चिपळूणला किंवा फार तर शृंगारतळीला घेऊन टाका.

आणि सोलकढी विकत आणू नका, मागून घ्या. एका नारळाचं पहिलं-दुसरं दूध, तीन-चार चमचे आगळ (कोकमाचा रस), एक हिरवी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ शेवटी, चव बघूनच.

असगोलीकर
लसूण? शाकाहारी घरात जिरं आणि चिमूट हिंग घालतात. लसणाची माशांच्या पानाला.

मीठभाकर
मान्य. पण आगळाऐवजी आमसुलं घेतली तर दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास हवीत. आणि कढी गरम करायची नाही, फुटते. इथवर तरी एकमत?

असगोलीकर
इथवर हो.

भटक्या_चाक
अवांतर थांबवून: दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या, खाडीचा मोठा वळसा वाचतो. पूर्ण ओहोटीला जेटीचा उतार जास्त उघडा पडतो, खालचा भाग शेवाळलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये सावकाश. सेडान असेल तर रॅम्पला पोट घासू शकतं, चारजण आधी उतरवा. बोटीवर हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्ये.

केतकी_प
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांनी हा धागा मोठ्याने वाचून घेतला आणि चतुर्दशी ते प्रतिपदा असं फर्मान काढलं. निवासाशी बोलले. वाडीतून किनाऱ्यावर चार पायऱ्या आहेत, कठडा नाही, पण शेजारून बैलगाडीची जुनी सपाट वाट आहे. आता प्रश्न असा की संध्याकाळी चार ते सहा किनारा ठरला, मग सकाळी भरतीच्या वेळी काय करायचं?

असगोलीकर
हेदवी. तिथे उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या खडकात बामणघळ आहे, लांब अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि वर उसळतं. सुकतीला गेलात तर नुसती भेग दिसते, म्हणून बरेच जण ‘काही नव्हतं’ म्हणत परततात. तुमच्या पुनवेला साडेदहा-अकराला तिथे असलात तर वेळ अचूक. पौषात समुद्र शांत, पावसाळ्याइतका फवारा उडणार नाही. खडक ओला असेल तिथवर पाणी येतं असं समजा आणि त्याच्या बरंच मागे उभे राहा. सासूबाईंना देवळापाशीच बसवा, पुढचा खडक काठीचा नाही. मुलांचा हात सोडू नका. त्याआधी दशभुज गणपती करून घ्या, पण तिथेही पायऱ्या आहेत, गाडी किती वर जाते ते विचारा.

प्रतिपदेला भरती दुपारी बाराच्या पुढे. निघायचा दिवस असेल तर त्या सकाळी आठ-नऊपर्यंतही पुळण उघडी मिळेल.

केतकी_प
सासरे विचारतायत, मधे तिथीचा क्षय झाला तर पाऊणपट कोणत्या तिथीची करायची?

नाखवा
त्यांना सांगा, त्या दिवशी कोष्टक बघायचं.

टवाळ_खेकडा
आणि टेनिस बॉल विसरू नका. मुलं तो सासूबाईंच्या काठीवरून काढून क्रिकेट खेळणार, म्हणून दोन घ्या.